उकळत्या जमिनीवरचे बिऱ्हाड

मागील अंकात नेपल्सच्या परिसरातील भूकंपांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण ते एका आईचे पत्र आहे आणि त्यात विचारलेली गोष्ट दोन ओळींत सांगण्यासारखी नाही.

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षापासून नेपल्सला शिकते आणि शेजारच्या पोत्सुओली गावात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते. आठवड्यातून एकदोनदा तरी तिथे जमीन हादरते, असे ती सहज सांगते. घरमालकीण आजी भांड्यांचा आवाज थांबला की पुन्हा भाजी चिरायला बसतात, हेही तिनेच सांगितले. आम्ही द्राक्षबागायतदार आहोत, त्यामुळे जमीन सोडवत नाही म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही विचारते, की एवढे सगळे दिसत असताना ती माणसे तिथे का राहतात? आणि मुलीला तिथून हलवावे का?
— एक आई, निफाड, जि. नाशिक

उत्तर : नेपल्स म्हटले की आपल्याला व्हेसुव्हियस आठवतो. तो शहराच्या पूर्वेला आहे, लांबून दिसतो आणि त्याच्याकडे बोट दाखवता येते. आपली मुलगी राहते ते पोत्सुओली मात्र शहराच्या पश्चिमेला आहे, आणि ते गाव ज्वालामुखीच्या पायथ्याशी नसून त्याच्या पोटातच वसलेले आहे. या मुलखाला कांपी फ्लेग्रेई म्हणजे 'जळती शेते' असे नाव आहे. बारा ते पंधरा किलोमीटर रुंदीचा हा कढईसारखा खळगा सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या एका प्रचंड उद्रेकात जमीन खचून तयार झाला, सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या मोठ्या उद्रेकाने त्यात भर घातली, आणि आज त्याचा काही भाग समुद्राखाली तर उरलेला भाग घरे, शाळा, रेल्वे आणि बागा यांच्याखाली आहे. शिखर नसल्यामुळे हा ज्वालामुखी डोळ्यांना दिसत नाही. नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते.

या कढईच्या तळाशी तप्त वायू आणि पाणी यांचा दाब वाढला की वरची जमीन संथपणे फुगते आणि दाब उतरला की खाली बसते. तिथले लोक याला ब्रॅडिसाइझम म्हणतात. जमीन फुगताना वरचा खडक तडकतो आणि त्या तडकण्याचेच हे भूकंप आहेत. ते बहुतेक तीन-चार किलोमीटर खोलीच्या आतच घडत असल्यामुळे मोजमापाने लहान असले, तरी पायाखाली धप्पकन जाणवतात. १९७० ते १९७२ या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे १.७ मीटर आणि १९८२ ते १९८४ या काळात सुमारे १.८ मीटर वर आली. २००५ पासून ती पुन्हा वर येत आहे आणि २०२५ पर्यंत १.४ मीटरहून अधिक वर आलेली आहे. बंदराचा तळ उचलला गेल्यामुळे कोळ्यांच्या होड्या कोरड्या चिखलात बसलेल्या आपल्या मुलीने नक्कीच पाहिल्या असतील. २० मे २०२४ रोजी ४.४ तीव्रतेचा, तर मार्च आणि जून २०२५ मध्ये प्रत्येकी ४.६ तीव्रतेचा भूकंप झाला.

आता ती माणसे तिथे का राहतात, याविषयी. आपण द्राक्षबागायतदार आहात, म्हणून वेलीपासूनच सुरुवात करतो. निफाडकडे क्षार आणि पाण्याची टंचाई यांमुळे आपण डॉगरिज खुंटावर कलम करता. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरील किडीने बहुतेक बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून तिथेही त्या किडीला दाद न देणारे अमेरिकी द्राक्षांचे खुंट वापरणे भाग पडले. कांपी फ्लेग्रेईच्या भुसभुशीत, वाळूसारख्या राखेच्या मातीत मात्र ती कीड टिकत नाही, म्हणून तिथे फालांगीना आणि पिएदिरोस्सो या जातींच्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. व्हेसुव्हियसच्या उतारावर जर्दाळू आणि घोसांनी टांगून हिवाळाभर टिकवता येणारे लहान टोमॅटो पिकतात. राखेची माती पाणी धरून ठेवते, तिच्यात पालाश भरपूर असते, आणि खनिजे ताजी असल्यामुळे ती झाडांना सावकाश पण सतत मिळत राहतात. ताज्या लाव्ह्यावर लगेच पीक येत नाही, त्याला पिढ्या जाव्या लागतात, हेही सांगितले पाहिजे.

मातीखेरीज दगडही आहे. नेपल्स शहराचा मोठा भाग त्या पंधरा हजार वर्षांपूर्वीच्या राखेपासून घट्ट झालेल्या पिवळ्या दगडाने बांधलेला आहे. तो करवतीने कापता येतो इतका मऊ आणि भिंतीत बसल्यावर टिकाऊ असतो. घराखालची खाण खणून घर बांधायचे आणि मग त्या खाणीतच पिण्याचे पाणी साठवायचे, अशी तिथली शतकानुशतकांची रीत होती. दुसऱ्या महायुद्धात लोकांनी त्याच भुयारांत बॉम्बपासून आसरा घेतला. पोत्सुओलीजवळच्या बाया नावाच्या गावातील गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी रोमचे श्रीमंत लोक तिथे हवेल्या बांधत, आणि त्या हवेल्यांपैकी कित्येक आज जमीन खचल्यामुळे समुद्राच्या तळाशी आहेत.

लाभ आणि धोका एकाच जमिनीतून येतात, फक्त त्यांच्या येण्याची वेळ निरनिराळी आहे. लाभ रोजच्या रोज आणि थोडा थोडा मिळतो. धोका मात्र दहा-पंधरा पिढ्यांनी एकदा उभा राहतो. कांपी फ्लेग्रेईतील शेवटचा उद्रेक १५३८ साली झाला. त्याआधी जमीन इतकी वर येत गेली, की समुद्र मागे हटून नवी जमीन उघडी पडली आणि ती पोत्सुओलीकरांना देण्यासाठी १५०३ साली राजाला सनद काढावी लागली. मागे सरणाऱ्या समुद्राकडे त्या वेळच्या लोकांनी संकटाची खूण म्हणून पाहिले असेल की फुकट मिळालेले रान म्हणून, याचा विचार करताना मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण त्यांच्या जागी आपणही सनदच मागितली असती. पुढे पस्तीस वर्षांनी, सप्टेंबरच्या अखेरीस, त्रिपेर्गोले नावाच्या वस्तीजवळ जमीन फाटली आणि आठवड्याभरात सुमारे १३० मीटर उंचीची टेकडी उभी राहिली. तिला आजही मॉन्ते नुओव्हो म्हणजे 'नवा डोंगर' असेच म्हणतात.

घरमालकीण आजींविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक वाटते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने पाँपेई शहर गाडले, तेव्हा रोमन लेखक धाकटा प्लिनी खाडीच्या या टोकाला, मिसेनम येथे होता. पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की आधी बरेच दिवस जमीन हादरत होती, पण कांपानियात, म्हणजे नेपल्सच्या या प्रदेशात, हे नेहमीचेच असल्यामुळे त्याची फारशी भीती वाटली नाही. आजींची शांतता हा धीर आहे आणि तो तरुण मुलींना फार उपयोगी पडेल, पण त्या धीराला पूर्वतयारीची जोड हवी, नाहीतर तो नुसत्या सवयीत विरून जातो.

मुलीला हलवावे का, याचे उत्तर देताना उद्रेक आणि भूकंप या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. उद्रेकावर लक्ष ठेवण्याचे काम व्हेसुव्हियस वेधशाळा करते. १८४१ मध्ये स्थापन झालेली ही जगातील सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा असून जमिनीची उंची, झऱ्यांचे तापमान, वायूंचे प्रमाण आणि प्रत्येक लहानमोठा हादरा तिथे नोंदला जातो. इशाऱ्याच्या हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा अशा चार पायऱ्या आहेत आणि २०१२ पासून कांपी फ्लेग्रेई पिवळ्या पायरीवर आहे. इशाऱ्याची पायरी कोणतीही असो, उद्रेकाचा सर्वाधिक धोका असलेल्या भागाला 'तांबडा पट्टा' म्हणतात आणि त्यात सुमारे पाच लाख माणसे राहतात. वेळ आलीच तर त्यांना ७२ तासांत बाहेर काढण्याची योजना आहे आणि कोणत्या गावाने कोणत्या प्रदेशात जायचे हेही ठरलेले आहे. पोत्सुओलीकरांना उत्तरेकडील लोम्बार्डीत जायचे आहे. मात्र जमीन फुगली म्हणजे उद्रेक होणारच, असे नाही. १५३८ मध्ये तो झाला, १९८४ मध्ये झाला नाही. १९८३ च्या भूकंपांनंतर पोत्सुओलीच्या जुन्या भागातील सुमारे चाळीस हजार माणसे हलवण्यात आली, त्यांच्यासाठी मॉन्तेरुशेल्लो ही नवी वसाहत उभारली गेली, आणि मग जमीन गुपचूप खाली बसू लागली. समुद्राजवळचे घर सुटलेल्या कित्येकांच्या मनात 'काहीच झाले नाही, मग आम्हाला का उठवले' हा सल राहिला. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण उद्रेक झाला नसला तरी त्या घरांना तडे गेलेले होते.

आज जवळची काळजी आहे ती भूकंपाची, आणि भूकंपात माणूस मरतो तो घरामुळे. भाडेकरू या नात्याने आपल्या मुलीला एक मोठी सोय आहे : तिला घर बदलता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीच्या सरकारने या भागातील इमारती भूकंपात किती टिकतील याच्या तपासणीसाठी खास कायदा केला. आपल्या इमारतीची तपासणी झाली आहे का, ती कोणत्या साली बांधली, २०२५ च्या भूकंपांनंतर भिंतींना तडे गेले का आणि ते नुसते गिलाव्याने झाकले की दुरुस्त केले, एवढे तिने घरमालकिणीला आणि नगरपालिकेला निःसंकोच विचारावे. जुन्या दगडी इमारतीविषयी समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर शिक्षण सोडण्याची काहीच गरज नाही, परंतु घर मात्र याच महिन्यात बदलावे. पलंगाच्या डोक्याशी पुस्तकांचे कपाट असू नये, उंच कपाटे भिंतीला स्क्रूने पक्की करावीत, गॅसची चावी कुठे आहे ते तिघींनाही ठाऊक असावे, आणि रात्री उशाशी बूट व विजेरी ठेवावी, कारण अंधारात फुटलेल्या काचांवरून अनवाणी चालताना बऱ्याच जणांना जखमा होतात. हादरा चालू असताना जिन्याकडे धावू नये, भक्कम टेबलाखाली थांबावे आणि तो थांबल्यावर बाहेर पडावे. आपण दोघी फोनवर बोलता तेव्हा 'घाबरली नाहीस ना' असे विचारण्याऐवजी 'कपाट पक्के केलेस का' असे विचारलेत, तर तिलाही बरे वाटेल.

प्रश्न : मी बांधकाम ठेकेदार आहे. सिमेंटच्या पोत्यावर 'पोर्टलँड पोझोलाना' असे छापलेले असते. हे पोझोलाना आणि आपल्या टिपणातील पोत्सुओली यांचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : संबंध आहे, आणि तो थेट आहे. पोझोलाना म्हणजे पोत्सुओलीची माती. रोमन काळात या गावाचे नाव पुतेओली होते आणि तिथल्या ज्वालामुखीच्या राखेला 'पुतेओलीची भुकटी' म्हणत. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे, की बाया आणि व्हेसुव्हियसच्या परिसरातील ही भुकटी चुना व खडी यांत मिसळली, की ते मिश्रण समुद्राच्या पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. साधा चुना हवेतील कर्बवायू शोषून कडक होतो, त्यामुळे पाण्याखाली तो कुचकामी ठरतो. ज्वालामुखीतून उडालेली राख झपाट्याने निवते, तिचे कण काचेसारखे राहतात, आणि त्यांतील सिलिका व अॅल्युमिना चुन्याशी आणि पाण्याशी संयोग पावून दगडासारखा घट्ट पदार्थ तयार करतात. हेरोद राजाने पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर सिझेरियाचे बंदर बांधले, तेव्हा ही राख जहाजांतून तिथवर नेली गेली. रोममधील पँथिऑन या प्राचीन देवळाचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट लोखंडी सळीविना काँक्रीटमध्ये ओतलेला आहे आणि तो अजून उभा आहे.

आपल्या पोत्यातील पोझोलाना अर्थात इटलीहून येत नाही. आपल्याकडे ते काम प्रामुख्याने औष्णिक वीज केंद्रांतील उडती राख करते, कारण दगडी कोळशाची भट्टीसुद्धा तसेच काचेसारखे कण तयार करते. परंतु तत्त्व आपल्याला नवे नव्हते. घाणीत चुना मळताना आपले जुने गवंडी भाजलेल्या विटांची सुरखी घालत असत, ती याच कारणासाठी. आपल्या वाडवडिलांपैकी कोणी चुन्याच्या घाणीवर काम केलेले असेल, तर सुरखी घातलेला चुना विहिरीच्या बांधकामाला का घेत, हे त्यांनी नक्की सांगितले असते. व्यवहाराची एक गोष्ट मात्र सांगतो : हे सिमेंट सुरुवातीला थोडे सावकाश जोर धरते, म्हणून त्याला पाणी मारण्यात हयगय करू नये आणि आधार घाईने काढू नयेत.

प्रश्न : आमची काळी जमीनही ज्वालामुखीचीच, असे मुलांच्या पुस्तकात आहे. १९९३ च्या भूकंपात मी बारा वर्षांचा होतो. तो भूकंप त्याच ज्वालामुखीमुळे झाला का? इथे पुन्हा काही उसळू शकते का?
— एक शेतकरी, उमरगा, जि. धाराशिव

उत्तर : नाही. आपल्या काळ्या मातीखालचा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. ती आग केव्हाच विझली आहे. भारतात आज जागृत असलेला ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. पोत्सुओलीची राखेची माती काही हजार वर्षांची, भुसभुशीत आणि पाणी झिरपू देणारी आहे. आपली काळी ही कातळ झिजून झालेली, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी आहे. दोघींचे मूळ अग्नीत असले तरी स्वभाव निराळे आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला ६.२ तीव्रतेचा भूकंप लाव्ह्याच्या थरात झाला नाही. किल्लारीजवळ तो थर जेमतेम ३४० मीटर जाडीचा आहे. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे, त्या रेट्याचा ताण त्या थराच्या खालच्या अतिप्राचीन खडकात साठला होता आणि तो तिथे मोकळा झाला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा ६.३ तीव्रतेचा भूकंप आणखी वेगळा, कारण तिथे जलाशयाच्या पाण्याने खडकातील आधीच्या भेगांना चालना दिली, असे शास्त्रज्ञ मानतात. तिथे कऱ्हाडच्या संशोधन केंद्रामार्फत तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटरवरच लाव्ह्याचा कातळ संपून ग्रॅनाइट लागला.

साधर्म्य आहे ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते लिहिताना जड वाटते. किल्लारीच्या परिसरातही आधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान हादरे जाणवले होते. आणि तिथली सुमारे दहा हजार माणसे जमिनीने मारली नाहीत. त्यांच्यावर कोसळल्या त्या मातीत रचलेल्या गोल दगडांच्या रुंद भिंती आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेली माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारे, दोन-तीन पिढ्यांनी हौसेने जाड केलेले तेच घर होते. आपल्या गावात अजून अशी घरे वापरात असतील, तर निदान माळवदावरची जादा माती उतरवावी, छताचा भार भिंतींऐवजी लाकडी किंवा लोखंडी खांबांवर घ्यावा, आणि भिंतीत दोन्ही तोंडांना जोडणारे आडवे लांब दगड बसवून घ्यावेत. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींपासून सुटल्यामुळेच त्या भिंती फुगून कोसळल्या. हे काम गावचा गवंडी एका हंगामात करू शकतो.

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही उभयता नेपल्सला जाणार आहोत. सोल्फाताराचे धुमसते विवर पाहता येईल का?
— एक दांपत्य, डोंबिवली

उत्तर : सोल्फातारा पोत्सुओलीतच आहे. तिथे २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आईवडील आणि त्यांचा मुलगा अशा तिघांचा जीव गेला आणि तेव्हापासून ते विवर पर्यटकांसाठी बंद आहे. कुंपणाबाहेरून वाफ दिसते तेवढ्यावर समाधान मानावे. त्या परिसरात जमिनीतून रोज हजारो टन कर्बवायू बाहेर पडतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि वास न येता खळग्यांत साचतो, म्हणून कोणी आडवाटेने नेण्याची तयारी दाखवली तरी जाऊ नये.

त्याऐवजी बंदराजवळचे रोमन बाजाराचे अवशेष अवश्य पाहावेत. १७५० मध्ये उत्खननात तिथे सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून लोक त्याला अजून सेरापिसचे मंदिर म्हणतात. तिथे संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. त्या खांबांवर माणसाच्या डोक्यापेक्षा वर एक खरबरीत, भोके पडलेला पट्टा दिसतो. ती भोके समुद्रातील शिंपल्यांनी पोखरलेली आहेत. म्हणजे हे खांब कोरड्या जमिनीवर बांधले गेले, तेवढ्या उंचीपर्यंत समुद्रात बुडाले आणि खांब न पडता पुन्हा वर आले. चार्ल्स लायेल या भूवैज्ञानिकाने १८३० मध्ये आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानासमोर याच खांबांचे चित्र छापले होते. अवशेष रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे कठड्याशी उभे राहूनही तो पट्टा स्पष्ट दिसतो. ऊन तिरपे असताना गेलात, तर एकेक भोक वेगळे ओळखता येईल.